दगडूआबा आणि वाजणारे केस

मी आयुष्यात एकच निनावी तक्रार लिहिली, आणि ज्या माणसाविरुद्ध ती लिहिली त्यालाच ती मोठ्याने वाचून दाखवली. पुढे त्याच्या वतीने तिचे उत्तरही मीच लिहिले. शुद्धलेखनाच्या दृष्टीने दोन्ही मजकूर निर्दोष होते. अन्य कोणत्याही दृष्टीने त्यांचे समर्थन मला करता येणार नाही. ही गोष्ट मी दीड वर्ष कोणालाही, अगदी पत्नीलाही सांगितली नव्हती.

तो माणूस म्हणजे आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहणारे दगडूआबा.

आबांची पहिली भेट प्रत्येकाला एकाच पद्धतीने घडे. तुम्ही जिना चढत असता, आबा वरून उतरत असतात. "थांबा जरा" म्हणून ते तुम्हाला थांबवतात. तुम्हाला वाटते, काही पत्ता विचारायचा असेल. तोवर त्यांनी तुमच्या कानावरची एक बट चिमटीत धरलेली असते. ती दोन बोटांत हळूच चोळून ते आपला कान तिच्याजवळ आणतात, डोळे मिटतात आणि वैद्याने नाडी पाहावी तशा गांभीर्याने निकाल देतात, "वाजत्यात."

वाजणे म्हणजे केस कोरडे असणे. फारच कोरडे असले, तर "कडब्यावाणी वाजत्यात." निरोगी केसांना आबांच्या कोशात एकच विशेषण होते, "गप." आमच्या बारा घरांच्या इमारतीत कोणाचेही केस गप नव्हते. असतील कसे? नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकीचे दिवस बोअर आणि टँकर. त्या पाण्याने बादल्यांवर क्षारांची पांढरी कडी चढतात. आबा बादलीकडे बोट दाखवून म्हणत, "बादलीचं ह्ये हाल, मंग डोक्याचं काय होत आसंल?"

आबांनी सारा जन्म पिशोरकडच्या डोंगरांत मेंढ्या राखल्या होत्या. गुडघे गेले, कळप विकला आणि ते शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला असलेल्या मुलाकडे, भगवानकडे, राहायला आले. लोकर कातरण्याआधी ती जोखायची त्यांची ही रीत होती: बोटांत चोळायची आणि ऐकायची. "लोकर डोळ्याला फशिवती. कानाला नाय फशिवत," असे ते म्हणत. मेंढराच्या लोकरीला देवाने स्वतःचे तेल दिले आहे, माणसाला मात्र ते बाहेरून द्यावे लागते, हा त्यांचा मूळ सिद्धांत. आणि दिल्यावर माणूस ते साबणाने धुऊन टाकतो, हे त्यांचे मूळ दुःख.

म्हणून दर महिन्याला ते गच्चीवर तीन विटा मांडत, काटक्या पेटवत आणि लोखंडी कढईत तीळ आणि करडईचे तेल चढवत. त्यात माका, जास्वंदीची फुले, थोडी मेथी. फेस बसेपर्यंत कोणी त्यांच्याशी बोलायचे नाही. मग ते तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून घरोघर जाई. सोबत तोंडी सूचना असत. तेल कढत लावायचे नाही, गार लावायचे नाही, मनगटावर थेंब ठेवून पाहायचा. मुळाला थोडे, टोकाला जास्त, कारण "शेंड्याला तहान जास्ती." लावून झाल्यावर एक भाकरी थापून, भाजून, खाऊन होईपर्यंत डोके धुवायचे नाही. आणि ओल्या केसांत कंगवा घालायचा नाही. "त्याल चोपडायचं नसतं, पाजायचं असतं," हे त्यांचे आवडते वाक्य. माझ्या पत्नीने, सुमनने, एकदा घाईत ओले केस विंचरलेले पाहून ते इतके हळहळले, की तिने त्यांना बसवून चहा पाजला.

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त गवळी सरांना पूर्ण टक्कल आहे. आबांनी त्यांच्या डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "सर, इथं कान लावायला काय ऱ्हायलंच नाय. बाईंसाठी घेऊन जा." गवळी सर स्वतःच ही गोष्ट सर्वांना सांगत आणि सर्वांआधी हसत.

मी हसत नसे. हे मला आज मान्य केले पाहिजे.

आमचे मूळ गाव पाचोडजवळ. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात वडील आमच्या शेतात मेंढ्या बसवत. खत मिळे, मोबदल्यात मेंढपाळांना ज्वारी दिली जाई. ती बांधावरच दिली जाई. ओसरीवर त्यांना कोणी बोलावल्याचे मला आठवत नाही. मी शिकलो, सरकारी कचेरीत लागलो, माझ्या मसुद्यांची वाखाणणी झाली. पण तो बांध माझ्यात शिल्लक होता. आबांचा हात माझ्या केसांना लागला, की तो मला जाणवे.

त्यातच प्राजक्ताला, आमच्या मुलीला, पाहायला जालन्याहून पाहुणे आले. मुलगा इंजिनिअर, आईवडील सभ्य. पोहे झाले होते, मी माझ्या नोकरीविषयी दोन मोजकी वाक्ये बोलत होतो, आणि उघड्या दारातून आबा बाटली घेऊन आत आले. पाहुणे आहेत म्हटल्यावर कोणीही परत गेले असते. आबा सरळ मुलाकडे गेले, त्याच्या कानावरची बट चोळली, कान लावला आणि मला म्हणाले, "साहेब, पोरगं बेस हाय. पण केस लई वाजत्यात. आत्ताच इलाज करा, नायतर मंग लोक पोरीला नावं ठिवतील."

मुलाच्या आईचा हात आपोआप स्वतःच्या वेणीकडे गेला. आबांनी ते पाहिले. "तुमचं बी बघू का, ताई?"

"आबा, आता नको," मी म्हणालो. माझा आवाज बहुधा फार शांत होता. आबांनी बाटली टेबलावर ठेवली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी कचेरीच्या संगणकावर तक्रार टंकलिखित केली. पाहुण्यांचा प्रसंग तिच्यात अर्थातच नव्हता. 'गच्चीवर उघड्या विस्तवावर तेल कढविल्यामुळे पसरणारी दुर्गंधी, आगीची संभाव्यता आणि रहिवाशांच्या खासगीपणाचा होणारा भंग' असे तिचे तीन मुद्दे होते. खाली माझे नाव लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही. मी 'सर्व रहिवासी' असे लिहिले आणि कागद सोसायटीच्या सचिवांच्या दाराखालून आत सरकवला. सचिवांनी तो फलकावर लावून टाकला. तिथले कागद सहसा कोणी पुरते वाचत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा माझ्या दाराशी उभे. "साहेब, खाली माझ्या नावाचा कागद लागलाय म्हणत्यात. तुमी वाचा. तुमचं वाचणं साफ असतं."

मी खाली गेलो आणि वाचले. पहिला मुद्दा वाचला, दुसरा वाचला. 'खासगीपणाचा भंग' याचा अर्थ त्यांनी विचारला. मी म्हणालो, "लोकांना न विचारता त्यांच्या केसांना हात लावणे."

"आस्सं." त्यांनी दोन्ही हात बंडीच्या खिशात घातले. "आन् खाली कोणाचं नाव हाय?"

"सर्व रहिवासी."

"म्हंजी समद्यायनं?"

"हो."

"तुमी बी?"

या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही अनेकदा मनात दुरुस्त करून पाहतो. मी म्हणालो, "मी सही केलेली नाही." हे खरे होते. त्या कागदावर सही कोणाचीच नव्हती.

आबांचा चेहरा थोडा उजळला. "व्हय ना? मला वाटलंच. मंग तुमीच ल्ह्या उत्तर. ल्ह्या, चुकी झाली. पुन्ना वास येणार नाय. हात बी लागणार नाय."

मी लिहिले. 'झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे.' खाली त्यांनी मोठ्या कष्टाने आपले नाव काढले. मी मागायची क्षमा मी त्यांच्याकडून मागवून घेतली, असेच याला म्हणावे लागेल.

आठ दिवसांनी जालन्याहून होकाराचा फोन आला. मुलाच्या आईने बोलता बोलता विचारले, "ते तेलवाले आजोबा एखादी बाटली देतील का हो? तेवढं एकच माणूस त्या दिवशी मोकळं बोललं." लग्न झाले. जावई अजून ते तेल लावतो. तक्रारीचे मूळच उरले नाही, पण मी फलकावरचा कागद काढून घेतला नाही.

आबांनी गच्चीवर जाणे सोडले. जिन्यात कोणी दिसले, की ते भिंतीला लागून उभे राहत, हात खिशात. लोकांना वाटले, आबा थकले. "वय झालं हो," गवळीवहिनी म्हणत. मला एकट्याला माहीत होते, की त्यांना वयाने नव्हे, माझ्या दोन शब्दांनी थकवले होते.

एकदा मी न राहवून विचारले, "आबा, करमते ना इथे?"

त्यांनी खिशातून एक हात काढून त्याच्याकडे पाहिले. "रोज सांजच्याला समद्या कळपावरून हात फिरवायचो साहेब. कोणाला काटा रुतलाय, कोणाला ताप हाय, हाताला कळायचं. इथं आलो तवा म्हटलं, मेंढरं नाय तर नाय, माणसं हायत." मग हात पुन्हा खिशात गेला.

त्या दिवसापासून मला त्यांच्याशी दोन वाक्यांहून अधिक बोलता येईना.

मात्र दर महिन्याला एक बाटली माझ्या घरी येत राहिली, आणि जालन्यासाठी एक. घरातल्या गॅसवर, खिडक्या लावून, लहानशा पातेल्यात ते तेल करत. "समद्यायनं लिवलं, तुमी नाय लिवलं," म्हणून बाटली माझ्या हातात देत. ते तेल डोक्याला लावणे मला शक्य होईना. फेकवेनाही. आमच्या जाळीच्या दरवाजाची बिजागरी फार कुरकुरत असे. मी ते तेल तिला घालू लागलो.

गेल्या रविवारी सकाळी टँकर आला. सगळी इमारत बादल्या घेऊन खाली होती. आबाही खाली आले, पण त्यांच्या हातात पिशवी होती आणि मागे भगवान गाठोडे घेऊन.

"गावाला चाललो," आबा मला म्हणाले. "आता तिकडंच. इथं कोणाला अडचण नको." त्यांनी बाटली पुढे केली. "ही शेवटची. साहेब, एकदा बघू का? तुमची परवानगी आसंल तर."

माणसाने परवानगी मागावी आणि ती देणाऱ्याला मान वर करता येऊ नये, असे झाले. मी मान हलवली. त्यांनी माझ्या कानावरची बट चोळली, कान लावला, डोळे मिटले.

"वाजत्यात," ते हसले. "तसंच कडब्यावाणी. जाळीचं दार मातर लई गप झालंय तुमचं."

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली.

"मला कवाच कळलं व्हतं, त्याल कुठं जातंय. म्हटलं ऱ्हाऊ द्या. घेणारं एक तरी घर ऱ्हायलं."

मागून गवळीवहिनी आल्या, भरलेली बादली खाली ठेवून. "आबा, हे काय? आणि साहेबांचेच का बघता? आमचे केस दीड वर्षात एकदा तरी पाहिलेत का? मी मेली रोज वाट बघते!"

आबा गोंधळले. "ताई, तुमीच लिवलं ना. कागदात. समद्यायनं."

"आम्ही? अहो, मला तर वाटलं तुम्हालाच आता जमत नाही. अहो ऐकलंत का, तुम्ही लिहिलं होतं?" गवळी सरांनी डोक्यावरून हात फिरवत नाही म्हटले. वहिनी दुसऱ्यांकडे वळल्या. "तुम्ही? मग कोणी लिहिलं ते?"

प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहू लागला. टँकरचा नळ कोणी तरी बंद केला. सुमन माझ्याकडे पाहत होती. आबांनी कोणाकडेच पाहिले नाही, त्यांची बोटे अजून माझ्या केसांत होती.

मसुदा करायला वेळ नव्हता. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आबा, ते मी लिहिले. 'सर्व रहिवासी' म्हणजे मी एकटा होतो. बाकी कोणालाही तुमची अडचण नव्हती. मला माफ करा."