चारशेतल्या तेवीस

चौदा महिन्यांपूर्वी आलेल्या त्या पत्राला उत्तर लिहायला सर अकरा वेळा बसले होते आणि अकराही वेळा नुसता चहा पिऊन उठले होते.

सर ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, आणि पत्र त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं. ती आता मठात सिस्टर होती आणि चर्चच्या संस्कारांवर पुस्तक लिहीत होती. "सर, आजच्या काळात या विषयात तत्त्वमीमांसेला जागा उरली आहे का? मिस्साच्या उपासनेत फादरांच्या प्रार्थनेने भाकर खरोखर बदलून ख्रिस्ताचं शरीर होते, की आपल्यापुरता तिचा अर्थ बदलतो? एका ओळीत कळवा. पहिल्या पानावर छापीन." काल तिचं कार्डही आलं होतं : "सोमवारी पुस्तक छापायला जातंय. ओळ आली नाही तर पान कोरं सोडीन, खाली तुमचं नाव घालून."

खरं तर सरांनी एका व्याख्यानात उत्तर देऊन टाकलं होतं. 'भाकर काय आहे ते विचारू नका, ती खाणाऱ्यांचं काय होतं ते विचारा.' टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून सरांना स्वतःचंच म्हणणं पटेनासं झालं.

बुधवारी दुपारी ते बाराव्यांदा बसले, तोच चर्चचा सेवक धापा टाकत आला.

"सर, घोळ झालाय. मिस्सा संपला आणि फादर फोन आला म्हणून तसेच मयतीला गेले. प्रसादाच्या भाकरीच्या उरलेल्या तेवीस चकत्या टेबलावर उघड्याच. नरम पडतील म्हणून मी त्या डब्यात ओतल्या."

"कुठल्या डब्यात?"

"नव्या कोऱ्या चकत्यांच्या. आता सगळ्या मिळून चारशे."

सरांनी पेन खाली ठेवलं. "अरे, त्या तेविसांवर प्रार्थना झाली होती!"

"म्हणून तर आलो. पण तुमच्या व्याख्यानाला मी होतो ना. आपण समजू तसा अर्थ. मी समजतो, सगळ्या साध्या आहेत. झालं?"

"असं कसं समजशील? त्या आहेत!"

"काय आहेत?"

"त्या... आहेत," सर म्हणाले, आणि चप्पल शोधू लागले.

डब्यातल्या चारशे चकत्या हुबेहूब एकसारख्या होत्या. सरांनी चष्मा पुसून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. शेवटी म्हणाले, "सगळ्या आदराने खाऊन टाकायच्या. दुसरा मार्ग नाही."

"मला डॉक्टरांनी गहू बंद केलाय."

"त्यातल्या तेवीस गहू नाहीत."

"मग त्या मला द्या," सेवक म्हणाला.

सरांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. ते एकेक खाऊ लागले. शंभरापर्यंत भक्तिभाव टिकला, दोनशेनंतर पाणी लागलं. सव्वातीनशेला सरांची थोरली बहीण, ताई, त्यांना शोधत आली.

"जेवण गार झालं! इथे काय चरतोयस?"

"ताई, बोलू नकोस. मोजणी चुकेल."

"मोजून खायचं वय गेलं तुझं," म्हणत ती शेजारी बसली आणि पेल्यात पाणी ओतू लागली.

शेवटची चकती घशाखाली उतरली आणि फादर दारात उभे. ते सरांचेच विद्यार्थी. सगळं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला.

"सर, डबा उद्या तसाच वेदीवर ठेवला असता. यातल्या ज्या अजून ख्रिस्ताचं शरीर झालेल्या नाहीत तेवढ्यांसाठी, असं मनात धरून प्रार्थना म्हटली असती. मिटलं असतं. तुम्हीच शिकवलंत, दुसऱ्या वर्षाला."

"मी?"

"परीक्षेलाही हा प्रश्न घातला होतात. मी नापास झालो होतो त्यात."

ताई पदर तोंडाला लावून हसली. सरांना मात्र आपण नापास झाल्याचं फारसं वाईट वाटलं नाही. 'ज्या झालेल्या नाहीत तेवढ्या.' म्हणजे कुठल्या ते कुणालाच ठाऊक नसलं, तरी फरक होताच. आणि तो सरांनी समजण्या-न समजण्यावर मुळीच अवलंबून नव्हता.

घरी येऊन त्यांनी उभ्याउभ्याच कार्ड लिहिलं. ताईने खांद्यावरून वाचलं : "जागा आहे. आपल्याला ती दिसत नाही, ही आपली अडचण."

"एवढंच? याला चौदा महिने?"

"आणि एक दुपार," सर म्हणाले. त्यांनी पट्टा एका भोकाने सैल केला, आणि पुन्हा वाचायचा मोह व्हायच्या आत नाक्यावर जाऊन कार्ड पेटीत टाकलं.