परवानगीची चौकट

दहा वाजता वाचनालयाच्या समितीची ऑनलाइन बैठक होती आणि पावणेदहाला नवऱ्याने अभिमानाने जाहीर केलं, "तुझा कॉम्प्युटर सुधारला बघ. पडद्यावर खिडक्या मांडणारी जुनी व्यवस्था काढली, नवी बसवली."

आर्किटेक्ट बायकोचा चहाचा कप हवेतच थांबला. "आजच?"

"अगं, जुन्यात सगळा उघडा कारभार. कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत डोकवायचा. आता परवानगीशिवाय कुणाला काही दिसणार नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं निघालं. तिने वाचनालयाच्या नव्या इमारतीचा आपण काढलेला नकाशा दाखवायचं बटण दाबलं आणि समितीच्या पाचही जणांना काळाकुट्ट पडदा दिसला.

"इमारत रात्रीची दाखवताय का?" अध्यक्षांनी विचारलं.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा अंधार. नवरा टेबलाखाली शिरला, तारा हलवून, डोकं आपटून बाहेर आला. "परवानगीची चौकट उघडायला हवी होती. कुठेतरी उघडली असणार."

ती शेजारच्या खोलीत उघडली होती. सासऱ्यांना मॅच बघता यावी म्हणून त्यांचा टीव्ही याच कॉम्प्युटरला जोडलेला होता, आणि नव्या व्यवस्थेने त्यालाच मुख्य पडदा मानलं होतं. सासरे परवाना खात्यातून निवृत्त झालेले. ऐन रंगलेल्या ओव्हरमध्ये टीव्हीने विचारलं, 'पडदा दाखवायला परवानगी द्यायची का?' मॅच लावायला दिलेला बिनतारी कीबोर्ड मांडीवर होताच. छत्तीस वर्षांच्या सवयीने बोट 'नाही'वर पडलं. दोनदा.

तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि टीव्ही आठवून दोघं धावत आत आली, तेव्हा बोट तिसऱ्यांदा 'नाही'वर पडायच्या बेतात होतं.

"बाबा, होय म्हणा!"

"अर्जदार कोण?"

"मीच, बाबा."

"मग तोंडी कसं चालेल, सूनबाई? काय दाखवणार, कुणाला, किती वेळ?"

नवऱ्याने कीबोर्डला हात घातला. "कामात अडथळा आणू नकोस," वडील म्हणाले. त्याने हात मागे घेतला.

तिने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन ओळी खरडल्या, सही ठोकली. सासऱ्यांनी चष्मा लावला, एक वेलांटी सुधारली आणि उठून टीव्हीला नाक लावलं. चौकटीत नकाशा दिसत होता, चांगला हातभर मोठा.

"ग्रंथपालाच्या खोलीला दार कुठाय?"

तिने वाकून पाहिलं. चार भिंती, एक खिडकी. दार नव्हतं. तीन महिने रोज बघत होती ती हा नकाशा.

"बाबा, नाही म्हणा! आधी नाही म्हणा!"

"आता कसं? अर्ज रीतसर आहे. त्रुटीसह मंजूर." आणि आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या झटपट त्यांनी 'होय' दाबलं.

ती जागेवर परतली तेव्हा पाचही चेहरे नकाशाकडे टक लावून बघत होते. माईक सुरूच होता, त्यामुळे सगळं ऐकूनही झालं होतं.

"माफ करा," ती म्हणाली. "दार राहिलंय. दहा मिनिटांत काढून देते."

"पण आपण हा नकाशा दोनदा मंजूर केलाय," एक सदस्य पुटपुटले. अध्यक्षांना एकाएकी खोकला आला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकटीतून ग्रंथपाल प्रथमच बोलले. वीस वर्षं वाचकांच्या गराड्यात बसलेला माणूस, आवाज अगदी मऊ.

"दार नकोच हो. फक्त खिडकी जरा रुंद करा, मी मावेन एवढी."