दारूबंदीचा देणगीदार

धूलकोट गावच्या सुपडूशेठकडे निघण्यापूर्वी श्रीकांत मास्तरांनी भाषणाचा शेवट आरशासमोर एकदा म्हणून पाहिला. बुरहानपूरच्या बुधवारा पेठेतलं त्यांचं दारूबंदी प्रचारक मंडळ स्थापन होऊन वर्ष होत आलं होतं, पण प्रचार अजून बुधवाऱ्याबाहेर गेला नव्हता, आणि बुधवाऱ्यातला जो एक ठळक पिणारा होता तो मंडळ निघण्याआधीच आपणहून सोडून चुकला होता. देशात संस्थानं विलीन होत होती आणि बुरहानपुरात रोज नवं मंडळ जन्माला येत होतं; देणगी देणारे मात्र तेच ते. खेड्यांत जायला बैलगाडी हवी होती, गॅसबत्ती हवी होती, भजनवाले हवे होते.

"अहो, तो सुपडूशेठ करतो काय, याचा पता तरी केला का?" त्यांच्या पत्नीनं, मालतीबाईंनी, विचारलं.

"केळीचे बाग आहेत. धूलकोटात एवढं मोठं घर दुसरं नाही म्हणतात."

"केळी तर साऱ्यांच्याच आहेत. घर त्याचंच कसं मोठं झालं?"

"सोयरीक करायची असती तर चौकशी केली असती. मी दान मागायला चाललोय," असं म्हणून मास्तरांनी टोपी घातली.

सुपडूशेठनं त्यांना ओसरीवर बसवलं. हवेत गोडसर वास होता. "मोहाची फुलं वाटतं?" मास्तरांनी कौतुकानं विचारलं. "मोहाचाच वास आहे," शेठ म्हणाला. मग मास्तर उभे राहिले आणि बोलू लागले. दारू पिणाऱ्यापेक्षा विकणारा मोठा पापी, त्याच्या घराची वीटन् वीट बायाबापड्यांच्या आसवांत भिजलेली असते, असं ते म्हणाले तेव्हा शेठनं मान वळवून आपल्या भिंतीकडे एकवार पाहिलं. शेठची बायको रंभाबाई चहा घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली.

"देऊ का नको देऊ?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"दे ना. मास्तरचा गळा सुकला असंल."

तेवढ्यात एक माणूस रिकामी बाटली घेऊन आला. "शेठ, पहिल्या धारेची आहे का?"

मास्तरांना बरं वाटलं. "दूधही आहे वाटतं आपल्याकडे. म्हशी किती?"

"म्हशी नाही, मास्तर. ठेका आहे. दारूचा. सरकारी लायसनवाला."

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि ते पायानंच चपला शोधायला लागले. एक पाय आपल्या आणि एक दुसऱ्याच कुणाच्या चपलेत घालून ते पायरी उतरणार, तोच शेठ म्हणाला, "बसा हो. भाषण बढिया झालं. हेच तिकडं जसोंडी गावात ठोका. गाडी, बत्ती, भजनवाले, सारं माझ्याकडून."

"जसोंडीतच का?"

"तिथला ठेका दगाशेठकडं आहे. लिलावात माझ्या नाकाखालून नेला त्यानं. लोकं फार पिऊन राहिले तिथं. धूलकोटात मात्र येऊ नका. इथले लोकं काही सुधरणारे नाहीत."

नकार मास्तरांच्या जिभेवर आला होता. पण अंगणात उभ्या गाडीची चाकं नवी होती आणि बैल पांढरेशुभ्र होते. पाप्याचा पैसा पुण्याला लागला तर त्यात वाईट काय, असा विचार करत, धूलकोटात न येण्याचा शब्द देऊन ते त्याच गाडीतून घरी आले.

जसोंडीत त्यांचं भाषण तुफान झालं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या बायका ठेक्यासमोर बसल्या आणि उठेनात. आठवड्याभरात ठेक्याला कुलूप लागलं. मास्तर बुधवाऱ्यातून छाती काढून चालू लागले.

मग एके सकाळी खुद्द दगाशेठ त्यांच्या दारात उभा राहिला. मास्तर घाबरले, पण तो शांतपणे सतरंजीवर बसला.

"मी सारा पता केला, मास्तर. शनिवारी तुमची शाळा लवकर सुटते. भजनवाल्यांना भजी दिल्याशिवाय सूर लागत नाही. आणि गाडी कोणाची, तेही कळलं. मी दोन गाड्या देतो. धूलकोटला जा."

"मी तिथं न जाण्याचा शब्द दिलाय," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

"शब्द यांनी दिलाय, मी नाही," आतून मालतीबाई बाहेर आल्या. "बायकांची शाखा मी काढते. गाड्या शनिवारी पाठवा, दगाभाऊ."

धूलकोटात मालतीबाई जेमतेम दहा वाक्यं बोलल्या. सुपडूशेठच्या ठेक्याच्या दारात सगळ्यांत आधी जाऊन बसली ती रंभाबाई. "इतकी वर्षं कोणी बोलवलंच नाही," एवढंच ती म्हणाली. तिला उठवायची हिंमत शेठला झाली नाही.

दोन्ही ठेके बंद पडले. असं यश आसपासच्या कुठल्याच मंडळाला मिळालं नव्हतं. पण सुपडूशेठनं आपली गाडी परत नेली, दगाशेठनं आपल्या दोन्ही नेल्या, आणि भजी बंद होताच भजनवालेही गोरक्षण मंडळात गेले. मास्तर पुन्हा बुधवाऱ्यात पायी फिरू लागले.

आता मात्र त्यांनी चौकशी मनावर घेतली. बाजारात, धर्मशाळेत, कचेरीच्या बाकावर बसून ते लोकांना खोदून खोदून विचारू लागले. एका संध्याकाळी ते उजळ चेहऱ्यानं घरी आले.

"सापडला. डोंगराकडच्या गावात आहे. ठेका दिवसरात्र चालतो. माणूस सैल हाताचा. पोरांना कपडे कुठून घेतो, तेही विचारून आलो."

"आणि शेजारच्या ठेकेदाराशी वैर?"

"तेवढं नाही. दोघं चांगले मित्र आहेत म्हणे."

"मग कसली देणगी देतो तो?"

मास्तरांनी टोपी खुंटीला अडकवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "वैर लावता येईल."