मामांचा दोर

शनिवारी संध्याकाळी महेंद्र लहानग्या लेकीला, चिमीला, मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसला. गाडीचा विमा संपत आला होता. सगळी माहिती भरून झाली आणि शेवटी एकच चौकोन उरला: रोडसाइड असिस्टन्स हवा की नको. हवा म्हटलं की वर्षभरात गाडी कुठेही बंद पडो, एक फोन करायचा, कंपनीची माणसं येणार, जमलं तर जागेवर दुरुस्त करणार, नाही तर उचलून गॅरेजला नेणार.

"घेऊन टाकतो," तो म्हणाला.

"नको," स्वयंपाकघरातून छाया म्हणाली.

महेंद्रने मान वळवली. खाली भाजीवाल्याकडे जातानाही पिशवीत चिमीचा जादा फ्रॉक, टोपी आणि तापाचं औषध टाकणारी ही बाई. ती नको म्हणते?

"का नको?"

"उगाच कशाला. कधी लागतं ते आपल्याला?"

महेंद्र नुसता तिच्याकडे बघत राहिला. छायाने तव्यावरची भाकरी गरज नसताना उलटली.

गाडी जुनी, पांढरी, तिसऱ्या हाताची. वाशिंदमध्ये ती गुणी मुलीसारखी वागायची. पण महिन्यातून दोन रविवार तिघं मुरबाडकडे, सरळगावला महेंद्रच्या आईकडे जायची. शहापूरपर्यंत गाडी निमूट चालायची. पुढे शेणव्याच्या अलीकडचा चढ लागला की अधूनमधून तिचं डोकं फिरायचं. काटा वर चढायचा, बोनेटमधून वाफ यायची आणि चढाच्या टोकाला, चिंचेखाली, ती उभी राहायची ती राहायचीच.

शेणवा हे छायाचं माहेर.

एरवी माहेरचा फाटा गाडीच्या काचेतून नुसता मागे जायचा. जाताना सरळगावला जेवण थांबलेलं, म्हणून "येताना थांबू." येताना चिमी झोपलेली आणि सोमवारची पहिली पाळी डोक्यावर, म्हणून "पुढच्या वेळी नक्की." महेंद्र वाईट माणूस नव्हता, घाईतला होता. छायाही हट्ट करायची नाही. फाटा आला की फक्त चिमीला सांगायची, "ते बघ, तुझ्या आजीच्या घरावरची कौलं." कौलं रस्त्यावरून दिसत नसत. चिमी तरीही बघायची.

छायाच्या मनातलं कळायचं ते एकट्या गाडीला.

गाडी बंद पडली की छाया बाबांना फोन लावायची. तिचे बाबा, सावळाराम. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या बापाच्या पोटचे. कारखान्यात ड्रायव्हरकी करून निवृत्त झाले आणि जुना का होईना, पण स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन गावात शिरले. ट्रॅक्टरच्या नाकावर छोटा निळा झेंडा. लेकीकडे वाशिंदला या म्हटलं की ते म्हणायचे, "काम नसताना जावयाच्या दारात जाऊन बसायचं, कसं दिसतं गो ते?" गाडी बंद पडणं हे मात्र काम होतं. छायाचा फोन ठेवून होईपर्यंत चढावर ट्रॅक्टरचा आवाज यायचा.

मग मामा, महेंद्र सासऱ्यांना मामा म्हणायचा, खांद्यावरचा दोर उतरवून बंपरला बांधायचे आणि ट्रॅक्टर पुढे, गाडी मागे अशी वरात गावात निघायची. मामांना घाई नसे. ओळखीचं माणूस दिसलं की ट्रॅक्टर थांबायचा आणि मामा मागे अंगठा करायचे. "आमचे जावय. कल्याणला सुपरवायझर हायेत." मग ते माणूस दोराच्या कडेकडेने चालत यायचं, काचेतून आत वाकायचं आणि सुपरवायझरला जय भीम करायचं. महेंद्र स्टेअरिंग धरून हसायचा. दोराच्या टोकाला बांधलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही.

गेल्या खेपेला मामांनी गाडी थेट किन्हवलीच्या गॅरेजपर्यंत ओढून न्यायचं ठरवलं. नेमका बाजार भरलेला. भर बाजारात मामांनी कोणाला तरी जावई दाखवायला ट्रॅक्टर थांबवला आणि मग असा झटक्यात सोडला की बंपर एकटाच पुढे गेला. गाडी कांदेबटाट्यांपाशी, बंपर दोराला, आणि मामा मागे न बघता पार सुक्या मासळीपर्यंत. लोक हात हलवून त्यांना सांगत होते. मामांना वाटलं, जावयाचं कौतुक चाललंय. त्यांनीही हात हलवला.

म्हणून त्या शनिवारी महेंद्रने चौकोनात टिचकी मारली. "मामांना आता या वयात त्रास नको," तो म्हणाला.

"त्रास कुठं," छाया म्हणाली, पण ते फक्त तव्याला ऐकू गेलं.

पुढच्याच रविवारी चढ आला, काटा चढला, वाफ आली आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली. भातं कापून झाली होती. शेतात पेंढ्याच्या उंच उडव्या रचलेल्या. महेंद्र जवळजवळ खुशीतच उतरला आणि त्याने कंपनीला फोन लावला.

फोनवरची मुलगी फार गोड होती. तिने आधी विचारलं, तुम्ही सुरक्षित आहात ना. महेंद्रला भरून आलं. बंपर गेला तेव्हा हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. मग तिने ठिकाण पाठवायला सांगितलं. रेंज एक काडी. ठिपका जाऊन पडायचा तिथे पडला.

"सर, तुम्ही भातसा धरणात दिसताय."

"नाही हो मॅडम. मी चिंचेखाली आहे."

"आसपास एखादं शोरूम, बँक, मॉल?"

महेंद्रने आसपास बघितलं. "पेंढा आहे," तो म्हणाला.

शेवटी व्हॅन कल्याणहून निघाल्याचं कळलं. आता काळजी एकच होती, मामांना पत्ता लागता कामा नये. पण पहिलाच मोटारसायकलवाला थांबला. सावळारामतात्यांचे जावई ना, बंद पडली वाटतं, थांबा, सांगतो त्यांना. महेंद्रने हात जोडले, नको, कंपनी येतेय. "कंपनी येवो की," तो म्हणाला, "पण सांगाया पायजे." मागून दूधवाला आला, त्यानेही तेच केलं. तिसरा दिसताच महेंद्रने बोनेट पाडलं, बायकोला आणि लेकीला चटईवर बसवलं आणि सहलीला आल्यासारखा स्वतःही शेजारी टेकला. तिसरा थांबला, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "बंपर नवा घातलात तो बरा दिसतो," आणि शेणव्याकडे सुटला.

थोड्या वेळाने मामा आले. चालत. हातात स्टीलचा डबा. खांद्यावर दोर नव्हता.

"सहज आलो," ते गाडीकडे न बघता म्हणाले. "कंपनी येते ना? बरं झालं. कंपनीचं काम पक्कं असतं."

डब्यात तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी आणि चिमीसाठी मऊ भात होता. सहज येणाऱ्या माणसाकडे असतं तसंच सगळं. मामा चटईच्या अगदी कडेला बसले, पाहुण्यासारखे. चिमी रांगत जाऊन त्यांच्या मांडीवर चढली आणि शर्टाचं बटण चोखू लागली. छाया आईच्या हातची भाकरी मुद्दाम हळूहळू खात होती. खाताखाता तिला दिसलं, वळणावरच्या उडवीमागून एक छोटं निळं टोक वर आलंय आणि वाऱ्याने हलतंय. तिने महेंद्रला कोपराने ढोसलं. त्यालाही दिसलं. मामा त्या बाजूला पाठ करून बसले होते आणि अजिबात वळत नव्हते.

व्हॅन आली तेव्हा उन्हं कलली होती. मोठी, चकचकीत, वर फिरणारा पिवळा दिवा. कान्हा नावाचा चालक उतरला, सगळ्यांची माफी मागून त्याने व्हॅन मागे घ्यायला सुरुवात केली. रस्ता अरुंद. मागचं चाक कडेवरून घसरलं आणि शेतातल्या ओल्या मातीत गेलं. कान्हाने जोर लावला तसं आणखी आत गेलं. मग त्याने आपल्याच कंपनीला फोन केला. पलीकडून त्याच गोड आवाजाने विचारलं, "सर, तुम्ही सुरक्षित आहात ना?"

कान्हाने फोन खिशात टाकला. "इथं कोणाचा ट्रॅक्टर मिळंल काय?"

मामा चटणीच्या डब्याचं झाकण नखाने साफ करत होते. ते आधीच साफ होतं. छाया नवऱ्याकडे बघत होती. हे तिने बोलून चालणार नव्हतं.

"मामा," महेंद्र म्हणाला, "दोर असेल का हो?"

"बघावं लागंल," असं म्हणून मामांनी चिमीला त्याच्याकडे दिलं आणि कुठेही न बघता ते सरळ उडवीमागे गेले. ट्रॅक्टर पहिल्या चावीला सुरू झाला.

चाक निघालं. मग व्हॅनने गाडी पाठीवर घेतली आणि किन्हवलीचा रस्ता दाखवायला ट्रॅक्टर पुढे झाला. वाटेत तो थांबत थांबतच गेला. मामा मागे अंगठा करून सांगत होते, "आमचे जावय. आन् ती मागं त्यांची कंपनी."

किन्हवलीच्या गॅरेजवाल्या गोमाने रेडिएटरच नवा बसवला, आणि तिथे सगळं बिनसलं. गाडी बंद पडेना. चढ आला की सरसर चढायची. चिंच मागे जायची, फाटा मागे जायचा. "मानलं की नाही गोमाला?" महेंद्र विचारायचा. छाया मानलं म्हणायची आणि चिमीला कौलं दाखवायची.

एका संध्याकाळी ती चिमीला आंघोळ घालत असताना फोन वाजला, म्हणून महेंद्रने उचलला. तिची आई, भागीरथी.

"गाडी बरी हाय ना, जावयबापू?"

"एकदम बरी, मामी."

"बंदबिंद पडत नाय?"

"अजिबात नाही."

"बरं हाय." मग मामींनी आवाज खाली आणला. "नाय, हे इचारीत व्हते. नवा दोर आणून ठेवलाय. चपटा, पट्ट्यासारखा. याने बंपर नाय निघायचा, म्हणतात. रोज काढतात न् परत गुंडाळून ठेवतात."

महेंद्रने फोन ठेवला. न्हाणीघरात छाया चिमीच्या डोक्यावर पाणी ओतत काहीतरी गुणगुणत होती. तो दाराशी उगाच उभा राहिला आणि काय हवंय विचारल्यावर काही नाही म्हणाला.

त्या रविवारी चढ आला. काटा निम्म्याच्याही खाली होता. महेंद्रने गाडी चिंचेखाली घेतली, बंद केली, उतरून बोनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय झालं?" छायाने काटा बघितला होता.

"बंद पडली. बाबांना फोन लाव."

"कंपनीला नको?"

"कंपनीला यातलं काय कळतंय."

"आणि सरळगावला आई जेवायच्या थांबल्यात त्या?"

"तिला सकाळीच सांगितलंय," महेंद्र बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "की गाडी शेणव्याला बंद पडणार आहे, रात्री जेवायला येतो."

छायाने फोन लावला. वाजतोय तोवर ट्रॅक्टरचा आवाज आला.

मामा उतरले. खांद्यावर नवा, चपटा, केशरी दोर. बोनेटमध्ये वाकून त्यांनी सगळीकडे बघितलं, वास घेतला, मग गाडीत बसून चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. मांजराने घुरघुरावं तसं ते घुरघुरत राहिलं. सगळी ते ऐकत राहिली. चिमीने टाळ्या वाजवल्या.

मामांनी जावयाकडे बघितलं. जावई चिंचेकडे बघत होता.

मामांनी गाडी बंद केली. आजाऱ्याच्या खोलीचं लावतात तसं दार हळूच लावलं.

"जाम तापलीय," ते म्हणाले. "दिवस बुडेपर्यंत तरी हिला हलवायची नाय." आणि दोर बांधायला खाली वाकले.