पत्र्यावरचं पाचट

कारखाना थंड करायला पैसा लागत नाही, डोकं लागतं! आणि ते डोकं आमच्या अख्ख्या एमआयडीसीत एकट्या माझ्याकडे आहे, असं माझं गेल्या एप्रिलपर्यंत ठाम मत होतं.

मी मानसिंग, मुक्काम कोऱ्हाळे बुद्रुक. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. डाळिंबं भरायचे प्लॅस्टिकचे क्रेट आम्ही बनवतो. वर पत्रा, खाली वितळलेलं प्लॅस्टिक, मध्ये आम्ही चाळीस माणसं. कणसासारखे भाजून निघतो. फरक इतकाच, की कणसाला निदान मीठ-लिंबू लावतात!

तर त्या एप्रिलात आमची साखरमावशी क्रेट उचलता उचलता आडवी झाली. निरवांगीची बाई, वय पंचावन्न, त्यात बीपीचा त्रास. माणसं मशीन सोडून गोळा झाली. आवाज चढले. आमचे मालक अविराजसाहेब केबिनमधून बाहेर आले, घाबरले आणि घाबरण्याच्या भरात एक चांगलं काम करून गेले. खांबाला काचेचा तापमापक लावला आणि जाहीर केलं, "पारा चाळीसच्या वर गेला, की एक ते तीन मशीन बंद! सगळ्यांनी बाहेरच्या कडुलिंबाखाली बसायचं."

पारा रोज बेचाळीस. रोज दोन तास लिंबाची सावली. त्या दोन तासांवर मावशी सहापर्यंत उभी राहायची. नाहीतर तिची नोकरी गेलीच होती.

हे असं सुरळीत चाललं होतं. मी मध्ये कडमडलो नसतो, तर अजूनही चाललं असतं!

झालं असं, की शेतकी खात्याचा माणूस गावात सांगून गेला, उसाचं वाळलेलं पाचट जाळू नका, रानात पसरा, जमीन गार राहते. मी ऐकलं आणि डोक्यात उजेड पडला. जमीन गार राहते, तर पत्रा का नाही राहणार? साहेबांना म्हटलं, "एसी नको, पंखे नकोत. माझ्या रानातलं पाचट, माझीच जुनी ठिबकची नळी. सहा डिग्री उतरवून दाखवतो!"

"फुकट?" साहेबांनी विचारलं.

"फुकट!"

त्या एका शब्दानंच साहेब सहा डिग्रीनं गार झाले.

मशीनवरचा फारुक मात्र म्हणाला, "मानसिंग, पत्रा म्हंजी रान न्हाय गड्या. त्याला भोकं हायती."

"तू मशीन सांभाळ," मी म्हटलं. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. मला तो लागला नाही.

सोमवारी दोन ट्रॉल्या पाचट पत्र्यावर चढवलं. वर डाळिंबाच्या बागेवरची जुनी जाळी ताणून बांधली, नळ्या अंथरल्या आणि अकरा वाजता मोठ्या रुबाबात कॉक सोडला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी खाली उतरलो तो मिशीला पीळ देतच!

अर्ध्या तासात पहिला थेंब फारुकच्या टकलावर पडला.

मग दुसरा, तिसरा. गंजलेल्या बोल्टांच्या प्रत्येक भोकातून पाचटाचं पाणी गळायला लागलं, रंगानं थेट कोरा चहा! पिवळे क्रेट तपकिरी झाले. बायका गळतीखालच्या जागेवरून भांडायला लागल्या, "सरक, ह्यो थेंब माजा हाय!" फारुक एका हातानं मशीन चालवतोय आणि दुसऱ्या हातानं मशीनच्या बटणांवर छत्री धरून उभा! उकाडा होता तेवढाच होता. वर आता दमट वाफ. आधी भाजत होतो, आता उकडायला लागलो.

नेमके त्याच वेळी साहेब आले. छत्रीकडे बघितलं, क्रेटकडे बघितलं. साहेब सरळ खांबाकडे गेले आणि ओरडले, "एकोणतीस!"

मी वर बघितलं. तापमापकाच्या बरोबर डोक्यावर एक बोल्ट होता. त्यातून धार लागली होती, थेट काचेवर. देवळातल्या पिंडीसारखा तापमापकाला अभिषेक चालला होता!

"शाब्बास, मानसिंगराव! बेचाळीसवरून एकोणतीस! आता दुपारची सुट्टी कशाला? आजपासून बंद! अरे, शाल-नारळ आणा!"

आमच्याकडे शाल-नारळ कपाटात तयारच असतात. कोण कधी येईल सांगता येत नाही. चार माणसांसमोर शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, फोटो निघाला.

फारुक कानाशी पुटपुटला, "बोल की! सांग त्यास्नी, वर गळतंय म्हणून."

बोलणारच होतो हो. पण आयुष्यात पहिल्यांदा खांद्यावर शाल पडली होती. बेचाळीस डिग्रीत शाल पांघरून मी उभा होतो, घाम डोळ्यांत जात होता आणि मी हसत होतो. लाज वाटते सांगायला, पण हसत होतो. मावशी समोरच उभी होती. मुकाट्यानं क्रेट उचलायला गेली.

दुसऱ्या दिवशी मन खायला लागलं. साहेबांना खांबाशी नेलं, तापमापक पुसला आणि कोरड्या जागी धरला. त्रेचाळीस!

साहेबांनी तो निरखून बघितला. "बिघडलाय हा," म्हणाले. "भिजला असेल. नवीन आणू. आणि असा उघड्यावर नको, माझ्या डोळ्यांसमोर राहू दे."

नवीन तापमापक साहेबांच्या केबिनमध्ये लागला. एसीच्या बरोबर खाली.

गुरुवारी सव्वादोनला मावशी पडली. मी आणि फारुकनं उचलून लिंबाखाली नेलं. डोक्यावर ओलं ठेवायला दुसरं काही सापडेना, म्हणून मी सत्काराची शाल बादलीत बुडवली. पॉलिस्टरची निघाली! एक थेंब पाणी धरेना.

बऱ्याच वेळानं मावशीनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, "मानसिंगा, किती डिग्री हाय रं आत?"

आता खोटं कशाला बोला? पारा मी नुकताच बघून आलो होतो.

"चोवीस, मावशी."

"व्हय?" मावशीनं ती कोरडी शाल अंगावर ओढून घेतली. "मंग थंडीच बाधली आसंल मला."