झाकणावर बसलेल्या आगाशेबाई

आगाशेबाई कुठल्याही खोलीच्या मध्यभागी उभ्या राहत नाहीत. लग्नाचा हॉल असो, बँक असो की डॉक्टरचा दवाखाना, आत शिरल्या की आधी नजरेनं जागा मापतात. मग भिंतीपासून थोडं आत, पण मध्यापासून चांगलं लांब, असा एक कोपरा नसलेला कोपरा शोधून तिथं ठाण मांडतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांना अशी जागा सापडली ती नेमकी आइस्क्रीमच्या टेबलामागे. अर्धी वरात त्यांना केटरिंगवाली समजून वाट्या मागत होती आणि बाई शांतपणे देत होत्या.

आम्ही काम करतो त्या प्लांटवर झेंडावंदनाच्या फोटोला आमचे मॅनेजर दुबेसाहेब दर वेळी आग्रह करतात, "मैडम, आप सीनियर हैं, बीच में आइए."

"बीच में माल गिरता है," बाई म्हणतात आणि कडेला सरकतात. आमच्या सगळ्या ग्रुप फोटोंत त्या अर्ध्या आहेत.

तुम्हाला वाटेल, बाई वास्तुशास्त्राच्या नादी लागल्या असाव्यात. तसं नाही. बाई रडारच्या नादी लागल्या आहेत.

मी भोपाळच्या बाहेर एका धान्याच्या प्लांटवर सुपरवायझर आहे. तिथं सायलो आहेत, म्हणजे पत्र्याच्या गोल, उंचच उंच कोठ्या, आणि त्यात गहू. आत गहू किती उरलाय हे कळायला पूर्वी एक माणूस शिडीनं वर चढायचा, दोरीला वजन बांधून आत सोडायचा, आणि वजन गव्हाला टेकलं की खाली ओरडून सांगायचा. ओरडलेलं एक, ऐकलेलं दुसरं आणि लिहिलेलं तिसरं, असा तो कारभार होता. आता छतावर रडार बसवलंय. विमानतळावरचं नव्हे, हे आपलं घरगुती, मोठ्या पेल्याएवढं. ते वरून लहर सोडतं, लहर गव्हावर आपटून परत येते, यायला किती वेळ लागला त्यावरून गहू किती खाली आहे ते कळतं. गव्हाला हात लावायचा नाही, दोरी लावायची नाही. धुळीतूनही त्याला दिसतं.

हे रडार छताच्या मध्यभागी बसवत नाहीत, कारण गहू मध्यातून पडतो आणि रडार पडणाऱ्या गव्हालाच बघत बसतं. भिंतीलाही चिकटवत नाहीत, कारण भिंतीला आतून शिडी असते. बाईंनी उभा जन्म मोजमापाच्या यंत्रांत काढला. पिपलानीच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आल्या. रडारला जे चांगलं ते माणसालाही चांगलं, अशी त्यांची खात्री आहे.

शिडीवरून आठवलं. सायलो रिकामा असताना रडारला आतली शिडी दिसते आणि तिलाच ते गहू समजतं. मग त्याला शिकवावं लागतं की बाबा रे, ही शिडी आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर. बाईंनी हे शिक्षण रडारपुरतं ठेवलेलं नाही. ऑफिसात कोणी येऊन सांगितलं की प्लांट विकणार आहेत म्हणे, तर बाई मान वर न करता विचारतात, "गहू की शिडी?" सांगणारा थोडा चाचरला की निकाल लागतो, "शिडी आहे. कामाला लागा." आता आमच्याकडे अफवेला शिडीच म्हणतात. गेटवरचा चौकीदारसुद्धा म्हणतो, "बोनस की बात तो सीढ़ी निकली, साहब."

कँटीनमध्ये त्या पोह्यांचा ढीग बघतात आणि वाढणाऱ्याला सांगतात, "शिखर मत दिखाओ, ढलान दिखाओ." गव्हाचा ढीग मध्ये डोंगरासारखा उंच असतो, कडेला उतरता, त्यामुळे नुसती उंची बघून अंदाज केला की माणूस फसतो, हे त्यामागचं शास्त्र. वाढणाऱ्याला शास्त्र कळत नाही, पण बाईंच्या ताटलीत पोहे नेहमी जास्त पडतात.

अशा माणसाबरोबर काम करणं म्हणजे रोज उठून परीक्षा. मी तर त्यांना चुकवून जायचो. "मिलिंद, वरच्याला विचारलंस का?" ही त्यांची हाक ऐकू आली की मी फोन कानाला लावायचो. वरचा म्हणजे रडार. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं हे ऐकून आभाळाकडे बघत हात जोडले होते.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलोय ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका सायलोतून ट्रकांत गहू भरणं चाललं होतं. सकाळपासून ट्रक भरून जात होते आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावरचा आकडा तसूभर हलत नव्हता. रडारच्या मते सायलो काल जेवढा भरलेला होता तेवढाच आजही भरलेला होता.

"रडार गया," दुबेसाहेब म्हणाले.

थोड्या वेळानं खालून गहू येणंही थांबलं. बाहेर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले, आणि दुबेसाहेबांना वरून फोनवर फोन. साहेब माणूस वाईट नाही, पण फोन आला की त्यांचं डोकं फोनवाल्याच्या ताब्यात जातं. तळाशी काहीतरी अडकलंय, कोणीतरी आत उतरून बांबूनं मोकळं करावं, असं ठरलं. गोदामांतून हे पूर्वीपासून चालत आलेलं आहे. कंबरेला दोर बांधायचा, वरच्या झाकणातून उतरायचं, ढोसायचं, वर यायचं.

मी अंगानं हलका. शिवाय अशा वेळी पुढे होणाऱ्याचं नाव वरपर्यंत जातं. म्हटलं, मीच जातो.

दोर आणि बांबू घेऊन मी छतावर पोचलो तर आगाशेबाई आधीच तिथं. गुडघ्यांना पट्टे बांधलेली, साठी ओलांडलेली ती बाई एवढी शिडी चढून आली होती. रडारचं तोंड पुसून, तपासून झालं होतं.

"वरचा बरोबर सांगतोय," त्या म्हणाल्या. "गहू आहे तिथंच आहे."

"मग ट्रकमध्ये गेला तो कुठला?"

"मधला. मध्ये विहीर पडलीय, आणि कडेचा गहू भिंतीला धरून उभा राहिलाय. ओल लागली असणार. आपला रडार कडेचं बघतो, म्हणून आकडा हलत नाही."

मी झाकण उघडून टॉर्च मारला. आत नुसती धूळ. ना विहीर दिसली, ना भिंत. तळाशी काय आहे तेही दिसेना. मी त्यांना तसं सांगितलं आणि दोर कंबरेला बांधायला लागलो.

बाईंनी झाकण ओढून बंद केलं आणि त्यावर बसल्या. चांगली मांडी घालून बसल्या.

"बाई, दोर बांधलाय मी."

"दोर वरून धरतो, गहू खालून ओढतो. कोण जिंकेल?" त्या म्हणाल्या. "गहू पाण्यासारखा वाहतो रे, पण पाण्यासारखा तरंगू देत नाही. तू विहिरीच्या तळाशी उतरणार, बांबू मारणार, आणि ती सगळी गव्हाची भिंत तुझ्या अंगावर येणार. मग मी तुझ्या आईला काय सांगू, आकडा आता बरोबर येतोय म्हणून?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खालून दुबेसाहेब होते. कोणाला आत सोडत नाही, झाकणावर बसलेय, हे बाईंनी त्यांना सरळ सांगितलं. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मैडम, हट जाइए. ये ऑर्डर है."

"नहीं हटूँगी."

"मैं किसी को भेजकर हटवा दूँगा."

"भेजिए मत, खुद आइए," बाई म्हणाल्या. दुबेसाहेबांना उंचीची भीती वाटते हे प्लांटवर सगळ्यांना ठाऊक आहे. ते ऑफिसच्या गच्चीवरही जात नाहीत. "और तब तक सायलो का नीचे वाला गेट बंद करवाइए, आदमियों को दूर खड़ा कीजिए, और बाहर से दीवार पर लकड़ी की मोगरी चलवाइए. बाहर से. अंदर कोई नहीं जाएगा."

फोन बंद. मला वाटलं, आता दोघांचीही नोकरी गेली. बाईंनी पिशवीतून डबा काढला. थालीपीठ होतं. अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं. मी खाल्लं, कारण त्या बघत होत्या. खाली मोगऱ्या वाजायला लागल्या, धप् धप्. मी मनात म्हणत होतो, ही बाई एका पेल्याएवढ्या यंत्रासाठी हट्टाला पेटलीय. तिचं यंत्र खोटं ठरू नये म्हणून बसलीय.

मग पायाखाली आवाज झाला. आवाज म्हणजे काय सांगू, सायलोच्या पोटात कोणीतरी मोठा सुस्कारा टाकला. छत थरथरलं. झाकणाच्या कडांतून धूळ भसाभसा वर आली आणि बाई त्या धुळीत दिसेनाशा झाल्या. मी दोर सोडून त्यांचा दंड धरला. धूळ खाली बसली तेव्हा त्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या, आणि तशाच बसलेल्या होत्या.

फोन वाजला. पलीकडून दुबेसाहेब म्हणाले, "मैडम, आकडा एकदम नीचे आ गया." आणि मग हळू आवाजात, "रडार ठीक है."

"रडार तो सुबह से ठीक है," बाई म्हणाल्या.

मी मात्र ठीक नव्हतो. आत जे कोसळलं त्याच्या खाली मी असतो, एवढंच डोक्यात घुमत होतं. शिडी उतरताना बाई माझ्या पुढे, म्हणजे खाली होत्या, आणि प्रत्येक पायरीला सांगत होत्या, "आता डावा. आता उजवा." लहान मुलाला सांगावं तसं. एरवी मला राग आला असता. त्या दिवशी ते ऐकत ऐकतच मी जमिनीवर पोचलो.

आम्ही मूळ उज्जैनचे, आता नेहरू नगरात राहतो, मी आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आईला हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि रात्री जेवताना सगळं सांगून टाकलं. आईनं ताट सरकवलं, देवापुढे जाऊन बसली, आणि उठली ती म्हणाली, "रविवारी त्यांना जेवायला घेऊन ये."

आगाशेबाई बरखेड्याहून स्कूटरवर आल्या, सलवार-कमीज घालून. पुरणपोळ्या झाल्या, विडा झाला. त्या निघणार तेवढ्यात आई आतून गव्हाची ताटली, नारळ आणि खण घेऊन आली. म्हणाली, "बसा. ओटी भरते."

मी बाईंना कधी गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"माझी?" त्या म्हणाल्या. "अहो, मी कुठं सवाष्ण? माझं लग्नच झालेलं नाही."

"मग मी तरी कुठं आहे?" आई म्हणाली. "भरणारीही तशी आणि भरून घेणारीही तशी. कोण विचारायला येणार आहे इथं? माझा मुलगा घरी आलाय. मी भरणार."

बाई हसून म्हणाल्या, "आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मंडळाच्या हळदीकुंकवाला मी दर वर्षी असते हं. माइक जोडायला बोलावतात मला. जोडून झाला की मी निघते, म्हणजे कोणाला अवघडायला नको."

आईनं कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाला लावलं. बाईंना पदर नव्हता. त्यांनी ओढणीची दोन टोकं दोन हातांनी धरून पुढे केली, आणि ती इतकी ताणून धरली की गहू घरंगळायला लागला. आईनं त्यांचे हात धरून ओढणीला खोलगट केलं, "अशी." मग ओंजळीनं घालत गेली. सायलोतला गहू जन्मभर लांबून मोजलेल्या त्या बाई खाली मान घालून ओढणीत पडणारा गहू बघत होत्या. त्यांचा चष्मा धूसर झाला होता, पण हात मोकळे नव्हते म्हणून पुसता येईना.

"यातले चार दाणे परत द्यायचे असतात ना?" त्यांनी विचारलं. "माझी आई द्यायची."

"असतात," आई म्हणाली आणि रीतीप्रमाणे ताटली पुढे धरली.

बाईंनी ताटलीकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं, आणि ओढणीची टोकं छातीशी घेतली.

"मी नाही देणार," त्या म्हणाल्या.

"नका देऊ," आई म्हणाली, आणि ताटलीत उरलेला गहूही तिनं त्यांच्या ओढणीत ओतला.