शेवटचा रकाना

"बाबा, एक मिनिट बसता का? आबांची फाइल आलीय," सावनी म्हणाली, तेव्हा मनोहर पाटणकर गॅरेजमध्ये एका खेळण्यातल्या रॉकेटला पंख चिकटवत होते.

"आली ना? उद्याच्या भाषणात टाकू. आधी हा पंख धर."

सावनीने पंख धरला. आबा म्हणजे मनोहररावांचे वडील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका केंद्रात ब्रिटिशांच्या प्रायोगिक रॉकेट्सवर काम करत होते. नेमकं काय काम, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. गुप्ततेची शपथ घेतली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली. त्यामुळे रिकाम्या जागा मनोहररावांनी भरल्या. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या चाळीस वर्षांच्या पॉटलक जेवणांत आबा आधी शास्त्रज्ञ झाले, मग मुख्य शास्त्रज्ञ. पुरावा एकच, आबांची कापडी बांधणीची वही. तारीख, कोन, अंतर, दिशा असे रकाने. शेवटच्या रकान्याला मात्र नाव नव्हतं, त्यात नुसते आकडे होते. शून्य, एक, दोन, क्वचित तीन.

"टप्पे!" मनोहरराव सगळ्यांना सांगत. "एकोणीसशे त्रेचाळीसमध्ये तीन टप्प्यांचं रॉकेट!"

सावनीने नुकतंच फिजिक्समध्ये मास्टर्स केलं होतं. शून्य टप्प्यांचं रॉकेट उडतं कसं, हा प्रश्न तिला हायस्कूलपासून छळत होता. शेवटी तिने ब्रिटनमधल्या एका अभिलेखागाराला पत्र लिहिलं. सात महिन्यांनी, आज सकाळी, सव्वीस पानं आली.

आबा शास्त्रज्ञ नव्हते. भरकटलेलं रॉकेट कुठे पडलं ते सायकलवर फिरून शोधायचं, तुकडे गोळा करायचे आणि ज्याच्या शेतात ते पडलं त्या शेतकऱ्याची माफी मागायची, हे त्यांचं काम. अडीच वर्षं त्यांनी तेच केलं. एकोणिसाव्या पानावर शेवटच्या रकान्याचा खुलासाही होता. तो वाचून सावनी मोठ्याने हसली होती. मग तिला उद्याची आठवण झाली.

उद्या मराठी मंडळात बाबांचं आबांवर भाषण होतं. बायपासनंतर सहा महिने खिडकीशी बसून राहिलेले बाबा या भाषणामुळे खुर्चीतून उठले होते.

फोन वाजला. मनोहररावांनी तो स्पीकरवर टाकला. मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र बोलत होते. "मनोहरराव, फ्लायरवर 'मुख्य शास्त्रज्ञ' टाकलंय. चालेल?"

"जागा असेल तर 'ज्येष्ठ'पण टाका."

"टाकतो. दोनशे लोक येतायत, यार! मुलांसाठी लाइव्ह डेमोपण अनाउन्स करून टाकला."

"त्याचीच ट्रायल घेतोय आता."

"बाबा, फाइल..." सावनी म्हणाली.

"उडवून झाल्यावर."

मागच्या अंगणात मनोहररावांनी रॉकेटचा स्टँड तिरका केला आणि कोनमापक लावला. "आबांच्या वहीत चौदा जूनला सदतीस अंश आहेत. सदतीस म्हणजे सदतीस."

"बॉक्सवर लिहिलंय, सरळ वर उडवा."

"बॉक्सवाल्याचे वडील होते का युद्धात?"

डेकवरून सावनीची आई, शुभाताई म्हणाल्या, "अहो, पलीकडे मिसेस डॉनेलींनी तंबू लावलाय. नातवाची ग्रॅज्युएशन पार्टी आहे त्यांच्या."

"म्हणून तर अँगल परफेक्ट हवा. तीन, दोन..."

"बाबा, थांबा! ती वही चुकलेल्या रॉकेट्सची आहे!"

"एक."

रॉकेट आबांच्या नोंदीला जागलं. कुंपणावरून गेलं, तंबूत शिरलं आणि पोटॅटो सॅलडच्या भांड्यात उभं राहिलं. आधी किंकाळी ऐकू आली. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुधा नातवाने.

"काय म्हणालीस तू?" मनोहररावांचं बोट अजून बटणावरच होतं.

सावनीने सगळं सांगितलं. ते पालथ्या बादलीवर बसले.

"म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांना..."

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं, बाबा?"

"पण माफी? आबा? घरात त्यांनी कधी आईचीसुद्धा मागितली नाही."

"सगळी तिकडेच संपली असेल," शुभाताई म्हणाल्या.

सावनीने फोनवर एकोणिसावं पान उघडलं. त्यात आबांच्या साहेबाने वरच्या साहेबाला लिहिलं होतं. ती मराठी करत वाचू लागली. "'आमच्या माणसांना शेतकरी दारात उभं करत नाहीत. पाटणकरला मात्र आत बसवतात. समोरच्याचा राग किती उतरला, हे तो चहाच्या कपांत मोजतो आणि तसं वहीत लिहून ठेवतो.'"

मनोहररावांनी वही मांडीवर घेतली. शेवटच्या रकान्यावरून त्यांचं बोट सावकाश खाली आलं. "सात जुलैला तीन."

"ते कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलं होतं. फाइलमध्ये आहे."

"खुराड्यावर रॉकेट पडूनही तीन कप?" त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. "हे कोणालाही जमण्यासारखं नाही, सावनी."

ते उठले. उद्यासाठी इस्त्री केलेला शर्ट घातला. बत्तीस वर्षं हार्ट सर्जन असलेल्या माणसाला माफी मागायची सवय नव्हती. "सुरुवात कशी करतात?" त्यांनी हळूच विचारलं. शुभाताईंनी चकल्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी सॉरी म्हणा. एक्स्प्लेनेशन नंतर. शक्यतो नकोच."

पन्नास मिनिटांनी ते एका हातात रॉकेट आणि दुसऱ्या हातात केकची प्लेट घेऊन परत आले. तेवढ्यात शैलेंद्र पुन्हा फोनवर आले.

"मनोहरराव, फ्लायर प्रिंटला जातोय. फायनल ना?"

"'शास्त्रज्ञ' काढा."

"काढू? मग काय लिहू?"

"'रॉकेट माफी अधिकारी'."

"बापरे. ही पोस्ट फार वरची असते का?"

"अख्ख्या केंद्रात एकच होती," मनोहरराव म्हणाले. आणि या वेळी ते अगदी खरं होतं.

मग त्यांनी पेन काढलं. आबांच्या शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख घातली. सदतीस अंश. अंतर अंदाजे साठ यार्ड.

"अंदाजे?" सावनी म्हणाली. "आबांनी प्रत्येक अंतर मोजलंय, बाबा." ती टेप घेऊन कुंपणापलीकडे जाऊन आली. साडेत्रेसष्ट.

शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. "आइस्ड टी धरायचा का गं?"

"धरा. किती झाले?"

"दोन ग्लास. त्या तिसरा भरत होत्या, मीच नको म्हणून उठलो."

"का?"

मनोहररावांनी ठळक दोन लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत वर फुंकर घातली.

"तीन आबांचेच राहू देत," ते म्हणाले.